मद्रासची घटका आणि मुंबईची झोप

माझा भाचा डोंबिवलीहून नोकरीसाठी चेन्नईस आला, त्यास आता दीड वर्ष होऊन गेले. शोलिंगनल्लूरच्या बाजूस एका संगणक कंपनीत तो काम करतो आणि मयिलापुरास आमच्याकडे राहतो. मुलगा सालस आहे, कामात हुशार आहे, व्यसन म्हणाल तर फिल्टर कॉफीपलीकडे नाही. परंतु त्याची सकाळ हा आमच्या घरातील नित्याचा प्रश्न होऊन बसला. रात्री साडेदहाला त्याची परदेशातील ग्राहकांशी बोलणी सुरू होतात, ती साडेबाराच्या सुमारास आटोपतात. त्यानंतर तो दिवा मालवून पडतो खरा, पण दोन-अडीचपर्यंत त्याचा डोळा लागत नाही. कचेरीत हजेरी साडेनऊची, तेव्हा साडेसातला उठणे भागच. मोबाईलवर तो तीन गजर लावून ठेवतो. ते तिन्ही आम्हा उभयतांस ऐकू येतात, त्यास मात्र एकही ऐकू येत नाही. मग त्याच्या मामीने दोनदा हाका मारावयाच्या, मी एकदा दार वाजवावयाचे, आणि शेवटी स्वारी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दाढी उरकून बस गाठण्यासाठी धावावयाची, असा क्रम चालू होता. गेल्या पावसाळ्यात उशिरा येण्याबद्दल त्यास कंपनीकडून लेखी समज मिळाली. त्या दिवशी मी, निवृत्त सरकारी अधिकाऱ्यास शोभेल असे, ब्राह्ममुहूर्तापासून वेळेच्या शिस्तीपर्यंत एक व्याख्यान त्यास ऐकविले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, मी आळशी असतो तर रात्री तरी लवकर झोपलो असतो ना?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा पाऊल वैद्यकाच्या पुस्तकांकडे न वळता आधी इतिहासाकडे वळले. आणि गंमत अशी की, तो इतिहास याच शहरात, आमच्या घरापासून चार-पाच मैलांच्या आत सुरू झालेला निघाला.

आपल्यापैकी ज्यांची बदली मुंबई-पुण्याहून इकडे झाली असेल, त्यांना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट जाणवली असेल. इथे उजाडते लवकर. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईस सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. चेन्नईस तो साडेसहाच्या आतच समुद्रातून वर आलेला असतो. जून महिन्यात मुंबईस सव्वासातपर्यंत उजेड रेंगाळतो, येथे पावणेसातच्या आत दिवेलागण होऊन जाते. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. आमच्या शेजारच्या मामी पहाटे साडेपाचला दारात सडा घालून कोलम रेखावयास बसतात, आणि आमच्या घरच्या मामी भाच्याला हाका मारून थकलेल्या असतात. या दोन मामींच्या सकाळींमध्ये जे अंतर आहे त्यातला काही भाग स्वभावाचा आणि संस्काराचा असेल, परंतु काही भाग निव्वळ रेखांशाचा आहे. मुंबई आणि चेन्नई यांच्यामध्ये सुमारे साडेसात अंशांचे अंतर. दर अंशास चार मिनिटे, या हिशेबाने सूर्य येथे मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी माथ्यावर येतो. या अर्ध्या तासावरून एके काळी मुंबईकरांनी मद्रासशी मोठे भांडण केले होते.

नुंगमबाक्कम येथे कॉलेज रोडवर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याच्या आवारात काळ्या दगडाचा सुमारे पंधरा फूट उंचीचा एक खांब उभा आहे. कामानिमित्त तेथे गेलेल्या कित्येकांनी तो पाहिला असेल आणि एखाद्या देवळाचा अवशेष समजून पुढे गेले असतील. वस्तुतः तो ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये बांधलेल्या मद्रास वेधशाळेचा दुर्बीण-खांब होय. विल्यम पेट्री नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एग्मोर येथे स्वतःच्या खर्चाने छोटी वेधशाळा उभारली होती. ती पुढे कंपनीकडे आली आणि मायकेल टॉपिंग याच्या आराखड्याप्रमाणे नुंगमबाक्कमला नवी इमारत झाली. खांबावर लॅटिन, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि फारशी लिपीतील हिंदुस्थानी अशा भाषांतून लेख कोरला आहे. ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणितशास्त्राचे रोप प्रथम कधी लावले गेले हे हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांस कळावे, असा त्याचा आशय. आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या देशात हे वाक्य दगडावर कोरावयास जे धैर्य लागते, ते कंपनी सरकारच्या ठायी मुबलक होते! असो.

वेधशाळेचा पहिला अधिकृत ज्योतिषी जॉन गोल्डिंगहॅम याने १८०२ मध्ये मद्रासचा रेखांश निश्चित केला. त्यावरून मद्रासची वेळ ग्रीनिचपेक्षा ५ तास २१ मिनिटे पुढे ठरली. त्याच वर्षी लॅम्बटनने मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पाया मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस हात घातला, तेव्हा मद्रासचा हा आकडा साऱ्या देशाच्या नकाशाचा आधार बनला. तथापि लोकांच्या झोपेशी त्याचा संबंध अजून यावयाचा होता. त्या काळी गावोगावची वेळ आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की मध्यान्ह. दिवसाच्या साठ घटका सूर्योदयापासून मोजावयाच्या. आपल्या घटकेस तमिळ मनुष्य नाळिगै म्हणतो, तीही चोवीस मिनिटांचीच. ज्या समाजात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, तेथे "आज उशिरा उठलो" याचा अर्थ "सूर्य माझ्या आधी उठला" एवढाच असतो. त्यातही जाग येणे सोपे होते असे मुळीच नाही. मार्गळी महिन्यात मयिलापूरच्या माडवीथ्यांतून पहाटे भजनी मंडळी फिरतात, ती आंडाळची तिरुप्पावै गातात. तिच्या तीस पदांपैकी दहा पदे निजलेल्या सख्यांस एकेकीच्या दारी जाऊन उठविण्यात खर्ची पडली आहेत. आपल्याकडच्या भूपाळ्या, काकड आरती आणि पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव यांचा विचार केला तरी हेच दिसते. तरुण माणसे आपसूक उठत असती तर या भक्तांस इतके गावे लागते ना.

घड्याळाचे भांडण आगगाडीने आणले. मुंबई ते ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली, मद्रासच्या रायपुरम स्थानकातून १८५६ मध्ये. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडले गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबई आणि मद्रास. ग्रीनिचच्या पुढे मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. मग गाडी कोणाच्या वेळेने हाकावयाची? दोन्ही मोठ्या शहरांचा मान राखण्यासाठी जवळजवळ मध्यावर असलेली मद्रासची वेळ रेल्वेने स्वीकारली. तारखात्यामार्फत मद्रास वेधशाळेकडून वेळेचा संकेत देशभर जाऊ लागला, आणि इकडे सेंट जॉर्ज किल्ल्यावरील तोफ वेधशाळेच्या घड्याळाप्रमाणे धडाडू लागली. ज्या वेधशाळेने साऱ्या हिंदुस्थानास वेळेवर उठावयास लावले, तेथील माणसे स्वतः मात्र रात्रभर जागी असत, ही त्यातली मौज. १८६१ ते १८९१ अशी तीस वर्षे नॉर्मन पॉगसन तेथे सरकारी ज्योतिषी होता. त्याचा सहायक चिंतामणी रघुनाथाचारी याने १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून काढला. असा शोध लावणारा तो पहिला भारतीय. इंग्रजी वेधांचा आणि पारंपरिक पंचांगाचा मेळ घालण्याची खटपटही त्याने केली. आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पूर्वी नोकरी केलेले केरो लक्ष्मण छत्रे त्याच दशकात नेमकी हीच खटपट पटवर्धनी पंचांगाच्या रूपाने करीत होते. या दोघा समानधर्म्यांवर स्वतंत्र लेख व्हावयास पाहिजे.

मुंबईकर स्थानकावर मद्रासची वेळ पाळीत आणि स्थानकाबाहेर पडले की आपली. या व्यवहारात कोणाचे काही अडत नव्हते. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सर्व सरकारी कचेऱ्यांस मद्रासची वेळ लागू केली, तेव्हा मात्र शहर चिडले. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ एवढाच होता की, कारकुनाने काल ज्या वेळी कचेरीत पोहोचावयाचे त्याच्या अर्धा तास आधी आज पोहोचावयाचे, आणि पगार तोच! विद्यापीठाचा राजाबाई मनोरा तीन वर्षांपूर्वीच पुरा झाला होता. त्यावरील घड्याळ रात्री उजळण्याचा खर्च सरकारने द्यावा की नाही, हा प्रश्न निघाला. सरकारचे म्हणणे असे की, घड्याळ मद्रासची वेळ दाखवील तर देऊ. विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईची वेळ सोडण्यास नकार दिला. अखेर १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली. हे वाचून आज हसू येते खरे, पण त्या काळच्या मुंबईकरांच्या तक्रारीत पोरकटपणा होता असे मला वाटत नाही. आपण केव्हा उठावयाचे हे आपल्या आकाशाने ठरवावे, सातशे मैलांवरील शहराने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासविषयी त्यांच्या मनात वैर नव्हते. वेधशाळेचा खांब बिचारा निमित्तमात्र झाला.

या भांडणात बोलावयास सिनेट होते, वृत्तपत्रे होती, व्यापारी मंडळे होती. परंतु ज्यांची झोप खरोखर मोडत होती ते परळ-लालबागेत राहत होते. कोकणातून आणि घाटावरून आलेली अठरा-वीस वर्षांची पोरे गिरण्यांत लागली होती. एका खोलीत दहा-पंधरा जण, एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरीने तेच अंथरूण घ्यावयाचे. घड्याळ कोणापाशी असावयाचे? पहाटेच्या अंधारात भोंगा वाजे, आणि तो कितीचा हे न समजता जो तो धावत सुटे, कारण फाटक बंद झाले की अर्धा दिवस गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन सरकारपुढे ठेवले, त्यातील मागण्या आज वाचाव्यात. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी; दुपारी अर्धा तास विसावा; आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. या तिसऱ्या मागणीवर मी पुष्कळ वेळ थबकलो. सुरुवात घड्याळाची, शेवट सूर्याचा. सकाळ मालकाच्या स्वाधीन गेलीच आहे, निदान संध्याकाळ तरी आकाशाच्या हाती राहू द्या, असे ते म्हणत होते. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी पदरात पडली. आपण अधिकारी मंडळी रविवारी उशिरापर्यंत लोळतो, त्यामागे हा माणूस आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी असते?

सूर्यास्ताची मर्यादाही पुढे फार दिवस टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगारांनी १९०५ मध्ये त्याविरुद्ध संप केले. त्याच हलकल्लोळात १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. मद्रासला तिच्यामुळे घड्याळ नऊ मिनिटे पुढे करावे लागले. कोणास पत्ताही लागला नसेल. मुंबईस एकोणचाळीस मिनिटे! ऐन थंडीच्या दिवसांत, ज्या वेळी तेथे आधीच उशिरा उजाडते, त्या वेळी ही पाऊण तासाची चोरी झाली. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका गिरणीतील हजारो कामगारांनी काम नाकारले आणि दगडफेक केली. वेळेच्या शास्त्राशी त्यांचा वाद नव्हता. आणखी चाळीस मिनिटे अंधारात उठावे लागणार होते, एवढेच त्यांना कळत होते, आणि ते बरोबर कळत होते. मुंबई नगरपालिकेने त्याच वर्षी जुन्या मुंबई वेळेकडे परतण्याचा ठराव केला, आणि ही एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली घड्याळे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात तग धरून होती. ज्यांचे बालपण त्या मुंबईत गेले त्यांना "टायम कोणता, मुंबई का स्टँडर्ड?" हा प्रश्न आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धात तर, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकलली होती. म्हणजे मुंबईचे सरकारी घड्याळ तेथील सूर्याच्या पुढे एक तास एकोणचाळीस मिनिटे धावत होते.

इकडे मद्रासमध्ये सूर्याशी भांडण नव्हते, पण भोंग्याशी होते. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांतील कामगारांसाठी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. रीतसर सभासद नोंदणारी देशातील पहिली संघटना म्हणून इतिहासात तिचे नाव आहे. बी. पी. वाडिया हे पारशी गृहस्थ, थिऑसॉफीच्या निमित्ताने अड्यारला आलेले, तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे आलेल्या पहिल्या गाऱ्हाण्यांत पगाराबरोबरच दुपारच्या अपुऱ्या सुटीचे गाऱ्हाणे होते. अर्ध्या तासात हात धुणे, जेवणे, परत फाटकात पोहोचणे हे साधत नव्हते. या गिरण्या १९९६ मध्ये कायमच्या बंद झाल्या. कामाच्या तासांना कायद्याने हळूहळू लगाम घातला. पुरुष कामगारांसाठी १९११ मध्ये कापड गिरण्यांत बारा तास, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ. किती तास काम करावयाचे याचे कायदे झाले. कोणत्या वेळी झोपावयाचे याविषयी मात्र कायदा काहीच बोलला नाही. फक्त स्त्रियांस कारखान्यात रात्री काम करण्याची बंदी होती, तीही मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. सुरक्षिततेच्या अटी घालूनच ठरविली, हे येथे सांगितले पाहिजे.

एथवर वाचून झाल्यावर मी भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. घड्याळ बाहेरचे असते, हे समजले. पण मनुष्य आतून कोणत्या घड्याळावर चालतो? द मेरान नावाच्या फ्रेंच पंडिताने १७२९ मध्ये लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. सजीवांच्या आत घड्याळ असते, या विचाराचा तो प्रारंभ. भारतात या शास्त्राचा पाया घालण्याचे श्रेय प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांचे, आणि ते याच प्रांतातले, हे मला ठाऊक नव्हते. मदुरै कामराज विद्यापीठात त्यांनी अशी एक खोली बांधली की, जेथे माणसाने कित्येक दिवस घड्याळाशिवाय, सूर्यप्रकाशाशिवाय राहावे आणि त्याचे शरीर आपल्या मनाने केव्हा झोपते, केव्हा उठते हे टिपून घ्यावे. त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे वटवाघळांवरील काम तर फारच मनोहर आहे. मदुरैजवळच्या एका गुहेत, जेथे दिवसाचा किरणही पोहोचत नाही, एक वटवाघूळ पिंजऱ्यात टांगून ठेवले. भोवती त्याचे मोकळे जातभाई होते. ते रोज संध्याकाळी बाहेर पडू लागले की हेही आपल्या पिंजऱ्यात त्याच वेळी फडफडू लागे. पण एकट्या वटवाघळास रिकाम्या गुहेत ठेवले, तेव्हा त्याची वेळ दिवसागणिक सरकत गेली आणि ते आपल्याच लहरीने जागू लागले. १९८१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर भाच्याची खोली उभी राहिली. पडदे ओढलेले, पडद्यावर निळा उजेड, आणि ज्यांच्याबरोबर तो जागा राहतो ते जातभाई दहा हजार मैलांवर, भर दुपारी.

माणसाच्या आतले घड्याळ चोवीस तासांहून थोडे लांब असते, सरासरीने दहा-बारा मिनिटांनी. म्हणजे ते मोकळे सोडले तर रोज थोडे उशिरा झोपू मागते. सकाळचा उजेड त्यास ओढून पुन्हा जागेवर आणतो. रात्रीचा उजेड त्यास आणखी मागे ढकलतो, कारण अंधार पडल्यावर मेंदूतून जे मेलॅटोनिन स्रवावयाचे ते उजेडाने थांबते. आणि वयाचाही यात भाग आहे. म्यूनिकचे टिल रोएनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या निद्रेच्या वेळा जमवून २००४ मध्ये दाखविले की, पौगंडावस्थेपासून माणूस उत्तरोत्तर उशिराचा होत जातो, विशीच्या सुमारास हा उशीर पराकोटीस पोहोचतो, स्त्रियांत थोडा आधी, आणि मग पुन्हा हळूहळू ओसरतो. माझ्यासारखा साठी उलटलेला मनुष्य पाचला जागा होतो, ते माझ्या संस्काराचे फळ आहे अशी माझी दृढ समजूत होती. ती या एका आलेखाने निकालात काढली. ज्यांना हा उशीर अतोनात होतो अशा रुग्णांचे वर्णन न्यूयॉर्कच्या वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच केले होते. त्यांचे निरीक्षण असे की, अशा माणसास त्याच्या वेळेने झोपू दिले तर तो उत्तम झोपतो आणि ताजातवाना उठतो. झोपेत खोट नसते. जगाच्या वेळेशी तिची गाठ पडत नाही, एवढेच.

रोएनेबर्ग यांनी २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली, आणि तिने मला पुन्हा नुंगमबाक्कमच्या खांबापाशी आणून सोडले. जर्मनीत पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत घड्याळ एकच; पण माणसांची झोप मात्र रेखांशागणिक चार-चार मिनिटांनी सरकते. म्हणजे शरीर सरकारी वेळ पाळीत नाही, आपल्या गावचा सूर्य पाळते. मोठ्या शहरांत हा धागा सैल होतो आणि माणसे आणखी उशिराची होतात, कारण तेथे दिवसा घरात उजेड कमी आणि रात्री जास्त. तोच हिशेब आपल्याकडे लावून पाहिला तर १९०६ चे गिरणी कामगार अडाणीपणाने दगड मारीत नव्हते, असे म्हणावे लागते. अलीकडे मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या बाबतीत दाखविले आहे की, जेथे सूर्य उशिरा मावळतो तेथे मुले उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा थांबत नाही, म्हणून त्यांची झोप तेवढी कमी पडते. डोंबिवलीत वाढलेल्या मुलाने चेन्नईस आल्यावर खरे तर अर्ध्या तासाने लवकर उठावयास हवे होते, कारण येथील सूर्य त्याच्या बाजूचा आहे. मीही त्यास हेच म्हटले. तो म्हणाला, "मामा, सूर्य पाहायला वेळ कुठे मिळतो? बसच्या खिडक्यांना पडदे आहेत, कचेरीच्या काचा काळ्या आहेत."

राजीव गांधी सलाईवर, म्हणजे ज्यास सगळे ओ.एम.आर. म्हणतात त्या रस्त्यावर, २००० मध्ये टायडेल पार्क सुरू झाले. तेव्हापासून त्या रस्त्याच्या दोहों बाजूंस उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत महाराष्ट्रातून आलेली किती मुले-मुली काम करीत असतील! संध्याकाळी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांची गाठ पडते. पुष्कळांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे असतात आणि बोलणे हटकून झोपेवर येते. कोणी दोनला झोपतो, कोणी चारला. शनिवारी दुपारी बारापर्यंत झोपून आठवड्याची थकबाकी फेडू पाहतो, आणि सोमवारी पुन्हा दुसऱ्या देशातून विमानाने उतरल्यासारखा कचेरीत जातो. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला नेमके हेच नाव दिले आहे, सामाजिक जेटलॅग. लोखंड्यांच्या काळी भोंगा एक होता आणि तो सर्वांस ऐकू येई. त्याविरुद्ध निवेदन लिहिता येई, फार झाले तर दगड मारता येई. यांचा भोंगा दुसऱ्या गोलार्धात वाजतो आणि फक्त त्यांच्याच खिशात.

भाच्याच्या मामीने आता पहाटे त्याच्या खोलीचे पडदे उघडावयाचे आणि हाक मारावयाची नाही, असे ठरविले आहे. रात्रीची बोलणी आटोपल्यावर तो मोठा दिवा लावीत नाही आणि मोबाईल बैठकीच्या खोलीत ठेवतो. महिन्याभरात झोप लागण्याची वेळ अडीचवरून दीडवर आली आहे. त्याहून पुढे ती सरकेना, कारण बोलणीच साडेबारापर्यंत चालतात. तेव्हा सकाळची हजेरी साडेनऊऐवजी अकराची करावी, असा अर्ज त्याने आपल्या वरिष्ठांकडे केला. मसुदा मी तपासून दिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढे तरी शिकलो आहे. अर्जात १९०६ चा उल्लेख मी घातला होता, तो त्याने खोडून टाकला. अर्ज देऊन तीन आठवडे झाले. अद्याप उत्तर आलेले नाही.